पिवळं कार्ड, निळा खण

वालेंडी गावात "आठला ये" असं कुणी म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "कुणाच्या आठला?" यात विनोद काही नाही. गावाच्या मधोमध एक रस्ता जातो. रस्त्याच्या अलीकडे क्वीन्सलँड, पलीकडे न्यू साउथ वेल्स. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पलीकडचे लोक घड्याळं तासभर पुढे करतात, एप्रिलमध्ये पुन्हा मागे घेतात, आणि अलीकडचे लोक ते सहा महिने त्यांची टिंगल करण्यात घालवतात. शाळा पलीकडे, डॉक्टर अलीकडे. पब पलीकडे, आणि रविवारी सकाळी पस्तावायला चर्च अलीकडे.

अशा गावात नोरीन पॅस्को एकोणीस वर्षं 'मॉर्निंग रिंग' चालवत होती. संस्था छोटी, काम साधं. एकट्या राहणाऱ्या शहाऐंशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना रोज सकाळी साडेसातला फोन करायचा. "उठलात ना? बरंय ना?" एवढंच विचारायचं. उत्तर नाही आलं तर दहा मिनिटांनी दुसरा फोन, मग तिसरा. तिसराही नुसता वाजत राहिला तर शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडायचं. फोन करणारे सगळे फुकट राबणारे, आणि त्यातले निम्मे स्वतःच यादीत जायच्या वयाचे. पगार एकट्या नोरीनला, आठवड्यातल्या तीन दिवसांचा. यायची ती सातही दिवस.

अलीकडच्या बाजूला, जुन्या रेल्वे हॉलच्या मागच्या खोलीत तिचं लाकडी कपाट होतं. त्यात दोन खण. अलीकडच्या लोकांची कार्डं निळी, ती निळ्या खणात. पलीकडच्यांची पिवळी, ती पिवळ्या खणात. उन्हाळ्यात ऑफिसच्या घड्याळात साडेसहा वाजले की पलीकडे साडेसात झालेले असत, म्हणून पिवळा खण तेव्हा उघडायचा आणि निळा तासाभराने. कोण बहिरं आहे, कुणाच्या कुत्र्याला बिस्किट द्यावं लागतं, कुणाकडे मुलाचा विषय काढायचा नाही, सगळं त्या कार्डांवर बारीक पेन्सिलीने लिहिलेलं.

निळ्या खणात एक कार्ड मात्र पिवळं होतं. ते क्लॅरी मॅडिगनचं.

क्लॅरी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. क्वीन्सलँड रेल्वेत एक्केचाळीस वर्षं सिग्नल सांभाळलेला माणूस. घर रस्त्याच्या पलीकडे चाळीस पावलांवर, पण घरातलं घड्याळ अलीकडचं. सरकारने घड्याळं पुढे करायचा कायदा आणला तेव्हा तो म्हणाला होता, "मी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या. आता कुणी खासदार सांगतो म्हणून खोटं घड्याळ भिंतीवर लावू?" आणि त्याने लावलं नाही. त्याची बायको डॉट गेली, तेव्हा तिची दफनवेळही त्याने स्वतःच्या घड्याळाने सांगितली आणि अर्धं गाव तासभर आधीच येऊन थांबलं. पूर्वी असे हट्टी सात जण होते. एकेक करून सगळे गेले, उरला तो क्लॅरी.

नोरीनचा नवरा घर सोडून गेला त्या वर्षीपासून दर गुरुवारी क्लॅरी तिच्या पायरीवर सहा अंडी ठेवून जायचा. त्याबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत. वडील गेल्यानंतर तिला "पोरी" म्हणणारा तो एकटाच राहिला होता, आणि सहासष्टाव्या वर्षी पोरी म्हणवून घेणं तिला मनापासून आवडायचं.

जुलैच्या गारठ्यात कमिटीची बैठक भरली. संस्थेचा अध्यक्ष ग्रॅम टकवेल हा शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण बैठकीतही लोकांना हात वर करून बोलायला लावायचा. त्याने ब्रिस्बेनहून लॅक्लन फ्रू नावाच्या एका इसमाला बोलावलं होतं. लॅक्लनच्या कंपनीने अशाच संस्थांसाठी नवा डेटाबेस बनवला होता. पडद्यावर सगळ्यांची नावं, वेळ झाली की नाव चमकायचं, उत्तर मिळालं की टिक करायची, नाव हिरवं. उत्तर नसेल तर लाल. लाल अर्धा तास तसंच राहिलं तर किल्लीवाल्या शेजाऱ्याला आपोआप निरोप, आणि त्यानंतर अ‍ॅम्ब्युलन्सला.

"फक्त हे अजून बीटा आहे," लॅक्लन म्हणाला.

"बीटा म्हणजे काय रे?" बेव्ह हिंचक्लिफने विचारलं. बेव्ह सत्तरीची, संस्थेत सगळ्यांत जुनी फोन करणारी, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"म्हणजे जवळजवळ तयार. तुम्ही वापरायचं, खटकेल ते आम्हाला कळवायचं, आम्ही दुरुस्त करायचं. त्या बदल्यात दोन वर्षं फुकट."

"म्हणजे लग्नाआधी नवरा चार दिवस घरी नेऊन बघायचा. माझ्या वेळी नव्हती ही सोय."

सगळे हसले. फुकटचं ते पौष्टिक, हे त्या कमिटीचं ब्रीदवाक्यच होतं. त्यात अनुदान देणाऱ्या खात्याला पुढच्या वर्षीपासून सगळी माहिती कॉम्प्युटरवर हवी होती. त्यामुळे निम्मी बैठक आत यायच्या आधीच राजी झाली होती.

नोरीनने हात वर केला. "क्लॅरी मॅडिगनचं काय करायचं?"

लॅक्लनला क्लॅरीची कथा सांगावी लागली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी घड्याळ बदललं तर?"

यावर मात्र सगळी खोली खोखो हसली. बेव्हने तर डोळे पुसले.

"वेळ पत्त्यावरून ठरते," लॅक्लन जरा ओशाळून म्हणाला. "पत्ता न्यू साउथ वेल्सचा, तर वेळ तिथलीच. एकेका माणसाची वेळ वेगळी लावायची सोय अजून नाहीये. पण शेरा लिहायला जागा आहे, तिथे लिहून ठेवा."

"आणि शेरा वाचणार कोण?"

"तुम्हीच."

"मग सध्या माझ्या कार्डावर तेच लिहिलंय आणि मीच वाचते. तुमचं यंत्र काय करणार?"

ग्रॅमने चष्मा काढला. कुणाला लागेल असं बोलायचं असलं की तो आधी चष्मा काढायचा. "नोरीन, कुणी बोलणार नाही म्हणून मी बोलतो. पेगी ऑर्टनचं कार्ड खणाच्या मागे पडलं होतं. दोन दिवस. पेगी न्हाणीघरात दोन दिवस पडून होती. वाचली हे तिचं नशीब."

हे खरं होतं. त्याला दीड वर्ष झालं होतं. पेगी आता मुलीकडे राहत होती, आणि नाताळला नोरीनला न चुकता कार्ड पाठवायची. ते कार्ड पाहिलं की नोरीनला जेवण जात नसे. तिने हात खाली घेतला आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत डेटाबेस वापरून पाहायचा, मग कायमचा घ्यायचा की नाही ते ठरवायचं, असा ठराव झाला.

शहाऐंशी कार्डं नोरीनने एकटीने पडद्यावर चढवली. तीन आठवडे लागले. जे खटकलं ते ती क्रमांक घालून कंपनीला कळवत गेली. आडनावातलं विरामचिन्ह त्याला चालत नाही. एकाच घरातल्या दोन बहिणींना ते एकच बाई समजतं. शेरा मोठा झाला की शेवटच्या ओळी दिसत नाहीत. सप्टेंबरअखेर तिने कळवलेल्या चुका एकोणतिसाव्या क्रमांकावर पोचल्या, आणि लॅक्लनने लिहिलं की अख्ख्या राज्यात इतकं बारीक बघणारं दुसरं कुणी नाही. खोटं कशाला बोला, नोरीनला ते गोड लागलं. एकोणीस वर्षांत तिच्या बारीकपणाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. "चिकट" म्हणणारे पुष्कळ होते. तिला डेटाबेस हळूहळू आवडायलाही लागला. कार्ड मागे पडायची भीती नव्हती. ती रात्री नीट झोपायला लागली होती.

क्लॅरीची अडचण तिने पहिल्याच दिवशी पहिल्या क्रमांकावर कळवली होती. उत्तर आलं होतं, "नोंद घेतली आहे. पुढील आवृत्तीत विचार करू."

मग ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडला. पलीकडची घड्याळं पुढे गेली. सोमवारी सकाळी ऑफिसच्या घड्याळात साडेसहा वाजले आणि पडद्यावर क्लॅरीचं नाव चमकलं. फोन वाजला, वाजत राहिला. क्लॅरीच्या घरात साडेसहाच झाले होते आणि साडेसहाला क्लॅरी मागच्या अंगणात कोंबड्यांपाशी असे. फोन त्याचा भिंतीवरचा, घरात. नाव लाल झालं. अर्ध्या तासाने त्याच्या शेजारणीला, रॉबिन स्कलीला, निरोप गेला. रॉबिन बेकरीत कामाला. ती पिठाच्या हातांनी धावत आली आणि क्लॅरीला अंगणात दाणे टाकताना पाहून तिने त्याला आणि नोरीनला, दोघांनाही जे म्हणायचं ते म्हटलं.

मंगळवारी तेच. बुधवारी अ‍ॅम्ब्युलन्सही आली. गुरुवारी क्लॅरी स्वतः ऑफिसात अवतरला. हातात अंडी, डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी.

"पोरी, काल दोन पोरांनी मला उचलून झोळीत घालायचा प्रयत्न केला. मी उभा होतो, तरी."

"तुम्ही महिनाभर साडेसहाला घरात थांबाल का?"

"साडेसहाला मी कोंबड्यांचा, साडेसातला तुझा. एकोणीस वर्षं असंच आहे."

"एक खिशातला फोन घेऊन देते."

"कोंबड्यांपुढे बोलू फोनवर? काय म्हणतील त्या."

नोरीनने सगळं करून पाहिलं. पत्ता अलीकडचा टाकून पाहिला. पण मग वेळ पडल्यास अ‍ॅम्ब्युलन्स अलीकडच्या भलत्याच गल्लीत गेली असती, म्हणून पुन्हा खरा टाकला. लॅक्लनला दोन वेळा फोन केला. ब्रिस्बेनहून तो उंटावरून शेळ्या हाकत होता. "एकाच माणसासाठी सगळी रचना बदलता येत नाही हो, नोरीन. यादीत आहे, नक्की आहे."

दहाव्या दिवशी रॉबिनने निक्षून सांगितलं. "लांडगा आला रे आला, किती दिवस? बेकरीचा मालक मला काढून टाकेल. एक तर ते यंत्र गप्प करा, नाही तर ही किल्ली घ्या."

तेव्हा नोरीनने जे केलं ते वालेंडीत कुणीही केलं असतं. साडेसहाला क्लॅरीचं नाव चमकलं की ती फोन लावायची, तो नुसता वाजू द्यायची आणि दोन-चार मिनिटांनी स्वतःच टिक करायची. उत्तर मिळालं, सुखरूप. नाव हिरवं. यंत्र गप्प. आणि साडेसातला, म्हणजे त्याच्या खऱ्या साडेसातला, क्लॅरी स्वतः ऑफिसात फोन करायचा. "मॅडिगन बोलतोय. अजून मेलो नाही." नोरीन म्हणायची, "आभारी आहे," आणि फोन ठेवायची. गावात दोन घड्याळांशी जन्मभर असंच जमवून घेतात. कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक, आणि दोन्हींचा मेळ माणसाच्या डोक्यात. तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं. बेव्हला माहीत होतं, क्लॅरीला माहीत होतं. ग्रॅमला कुणी सांगितलं नाही. त्याने ठराव मांडायला लावला असता.

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, मेलबर्न कपचा, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा दिवस. दर वर्षी हॉलमध्ये जेवण असतं, बायका टोप्या घालून येतात, आणि एका भांड्यातून घोड्यांच्या चिठ्ठ्या काढतात. त्या वर्षी ग्रॅमने जेवणाला लॅक्लनलाही बोलावलं, शिवाय अनुदान खात्याच्या एका बाईंना. त्यांना सकाळचं कामही दाखवायचं ठरलं. म्हणून साडेसहाच्या आधीपासूनच खोलीत गर्दी. साडेसहाला पलीकडची नावं भराभर हिरवी झाली. क्लॅरीच्या नावावर नोरीनने सहा चौतीसला टिक केली. अनुदानाच्या बाई म्हणाल्या, "किती सुंदर दिसतं हो, सगळं हिरवंगार." साडेसातला अलीकडची नावं सुरू झाली. लॅक्लन बाईंना समजावून सांगत होता, ग्रॅम लॅक्लनला समजावून सांगत होता, बेव्ह एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने टोपीचं पीस सरळ करत होती. पडदा हिरवा होता. त्या पडद्यावर कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की एक फोन यायचा राहिला आहे.

तो दिवस अडतीस अंशांचा होता. दुपारी दोनला शर्यत झाली. क्लॅरीच्या नावाची चिठ्ठी नोरीनने काढली होती, अकरा नंबरचा घोडा, आणि तो तिसरा आला. आयुष्यात क्लॅरीला पहिल्यांदाच काहीतरी लागलं होतं. नोरीन हसत हसत मागच्या खोलीत गेली आणि त्याला सांगायला फोन लावला. फोन वाजत राहिला. बाराव्या घंटेला तिच्या लक्षात आलं.

टोपी डोक्यावर तशीच ठेवून ती रस्ता ओलांडून धावली. कोंबड्या मोकळ्या हिंडत होत्या. क्लॅरी खुराड्याच्या दाराशी पडला होता, एक पाय अंगाखाली दुमडलेला, पाण्याचं भांडं हातभर अंतरावर. सकाळी तिथे सावली असते. नंतर ती सरकते.

डॉक्टर अलीकडचे आणि सरळ बोलणारे. कंबरेचं हाड मोडलं होतं, साधारण सहाच्या सुमाराला. "मारलं ते उन्हाने," ते म्हणाले. "दुपारी बारापर्यंत तरी जिवंत असावा." नोरीनने विचारलं नसतं तर त्यांनी हे सांगितलंही नसतं.

दफनाला वेळ क्वीन्सलँडची ठेवली. या वेळी कुणाचीही वेळ चुकली नाही. विधी संपल्यावर रॉबिन स्कली नोरीनपाशी आली आणि तिच्या हातात क्लॅरीच्या घराची किल्ली ठेवली.

"दहा दिवस मला उगाच पळवलंत," ती म्हणाली. "आणि ज्या दिवशी पळायचं होतं, त्या दिवशी बोलावलंच नाहीत."

नोरीनने किल्ली मुठीत धरली. रॉबिन खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या बैठकीआधी ग्रॅम तिच्या घरी आला. त्याच्या हातात त्या दिवसाची छापील नोंद होती. या डेटाबेसचं एक कौतुक मानलंच पाहिजे, ते विसरत काही नाही. "६:३० फोन केला, उत्तर नाही. ६:३४ उत्तर मिळाले, सुखरूप. टिक करणार: नो. पॅस्को."

ग्रॅमने चष्मा काढला आणि नुसता हातात धरून बसला. "हे मी बैठकीत काढणार नाही. क्लॅरीला जवळचं कुणी नाही. कुणी विचारणार नाही."

"म्हणून सांगायचं नाही?"

"नोरीन, तू एकोणीस वर्षं केलंस हे. माझ्या आईला तू फोन करायचीस. मला तुला मान खाली घालायला लावायचं नाहीये."

ते त्याने मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच नोरीनला त्याचा भयंकर राग आला. कुणीतरी तिला फाडून बोलावं असं तिला तीन आठवडे वाटत होतं, आणि जो तो तिच्यासाठी लॅमिंग्टन केकचे डबे घेऊन येत होता.

बैठकीत तिने हात वर केला नाही. ती सरळ उभी राहिली आणि सगळं सांगितलं. साडेसहाची खोटी टिक, साडेसातचा फोन, आणि त्या दिवशी तो आला नाही हे कळायला लागलेले साडेसहा तास. मग म्हणाली, "तो निळ्या खणात असता तर साडेसातला मी त्याला फोन केला असता. आठच्या आत रॉबिनने दार उघडलं असतं. आज तो इथे येऊन तुम्हाला शिव्या देत असता."

बेव्ह रडत होती. तिलाही माहीत होतं ना सगळं.

"आणि पेगी?" शेवटी ग्रॅमने हळूच विचारलं.

नोरीन खुर्चीत बसली.

"मला कुणाला दोष द्यायचा नाही," ग्रॅम म्हणाला. "पण नीट पाहिलं तर यंत्राने आपलं काम केलं. सहा तीसला त्याने सांगितलं की हा माणूस फोन घेत नाही. ते बरोबरच होतं. तेव्हा क्लॅरी खरंच पडलेला होता. आपण त्याला गप्प केलं."

हे असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नोरीनच्या आलं होतं. त्याच दिवशी, खुराड्याच्या दाराशी गुडघे टेकून बसलेली असतानाच आलं होतं. जे यंत्र महिनाभर चुकीच्या वेळी ओरडत होतं, ते त्या एका दिवशी बरोबर वेळी ओरडलं होतं. कार्डापेक्षा तासभर आधी. तेव्हा तिने टिक केली नसती, तर सातला रॉबिन अंगणात असती आणि ऊन अजून कोवळं असतं.

लॅक्लन फोनवरून बैठकीत होता. "फार वाईट झालं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच दबलेला होता. मग म्हणाला, "पण यातून आम्हाला शिकण्यासारखं खूप आहे." बेव्हने रडता रडता त्या फोनला एक शिवी दिली, ती बैठकीच्या टिपणात आलेली नाही.

डेटाबेस कायमचा घ्यावा या बाजूने कोण, असं ग्रॅमने विचारलं. एकेक हात वर गेला. नोरीनचाही गेला. तिला विरोध करायला जागाच उरली नव्हती. कार्डांच्या बाजूने मत द्यायला पेगी आड येत होती आणि यंत्राच्या विरुद्ध द्यायला क्लॅरी. ठराव एकमताने मंजूर झाला आणि लाकडी कपाट हॉलच्या कोठारात, घडीच्या खुर्च्यांच्या मागे गेलं.

फेब्रुवारीत नवी आवृत्ती आली. सोबत लॅक्लनचं पत्र. बावीस सुधारणांची यादी, त्यात सगळ्यात वर: "घरातील घड्याळ. प्रत्येक व्यक्तीसाठी आता स्वतंत्र वेळ निवडता येईल. ही सुविधा वालेंडीच्या नोरीन पॅस्को यांच्या सूचनेवरून." बैल गेला नि झोपा केला. वर त्या झोप्यावर तिचं नावही कोरून ठेवलं.

तिने यादी उघडली. पंच्याऐंशी नावं. प्रत्येक नावापुढे तो नवा रकाना, आणि प्रत्येक रकाना रिकामा. त्या गावात आता दुसरं घड्याळ ठेवणारं कुणी नव्हतं. ती शेवटपर्यंत खाली गेली, आणि मग बंद केलेल्या नावांच्या यादीत जाऊन क्लॅरीचं नाव उघडलं. तिथेही रकाना होता. तिने त्यात 'क्वीन्सलँड' निवडलं. तिला नुसतं ते एकदा बरोबर लिहिलेलं बघायचं होतं. ठेवू का, असं यंत्राने विचारलं. ठेव, असं तिने सांगितलं, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या घड्याळात साडेसहाला पलीकडची नावं चमकली आणि हिरवी झाली. साडेसातला अलीकडची आली. बेव्ह फोन उचलायला गेली आणि तशीच थांबली.

"नोरीन," ती म्हणाली. "इकडे ये गं."

पडद्यावर अलीकडच्या नावांमध्ये एक पलीकडचं नाव चमकत होतं. क्लॅरी मॅडिगन. वेळ सात तीस. फोन करा. रकाना भरल्याबरोबर यंत्राने बंद नाव पुन्हा सुरू केलं होतं, आणि या खेपेला त्याने वेळ अगदी अचूक धरली होती.

"काढून टाकू का?" बेव्हने विचारलं.

"नको," नोरीन म्हणाली. तिने फोन उचलला आणि पाठ असलेला नंबर फिरवला. हा नंबर वापरात नाही, असं एक बाई सांगत राहिली. नोरीनने ते पूर्ण ऐकून घेतलं. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, त्यानंतर पुन्हा. मग तिने टिकच्या खुणेवर बोट नेलं नाही. 'उत्तर नाही' निवडलं.

नाव लाल झालं. किल्लीच्या जागी आता कुणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे निरोप कुठे गेला नाही, आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना नोरीनने आधीच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. अर्धा तास ते नाव लाल राहिलं. बेव्ह बाकीच्यांना फोन करत होती, उठलात ना, बरंय ना. नोरीन खुर्चीत बसून त्या लाल नावाकडे बघत होती.

आठनंतर तिने ते पुन्हा बंद यादीत टाकलं. बंद केलेलं नाव पुन्हा जिवंत होतं, ही बेचाळिसावी चूक होती. ती तिने कंपनीला कळवली नाही.